नाद विकणे आहे

माझ्या गाडीखाली सिगारेटचं पाकीट उभं राहत नाही, आडवं सरकवावं लागतं. हे मी एकेकाळी छाती फुगवून सांगायचो. आता गिऱ्हाइकाला सांगताना खोकला येतो.

गाडी 2010 ची मित्सुबिशी सेडिया. कागदावर सेडिया, अंगावर साज मात्र इव्होचा. लान्सर इव्होल्यूशन ही जपान्यांनी 1992 मध्ये रॅलीच्या शर्यती मारण्यासाठी काढलेली गाडी. फिनलंडच्या टॉमी माकिनेननं मित्सुबिशीकडून 1996 ते 1999 अशी ओळीनं चार वर्षं जागतिक अजिंक्यपद घेतलं, ते हिच्याच जिवावर. खरी इव्हो घ्यायची तर शेत विकावं लागलं असतं, आणि शेत वडिलांच्या नावावर होतं. म्हणून सेडिया घेतली आणि तिलाच इव्हो करायला काढलं.

कंपनीनं 115 घोडे दिले होते. माझं त्यात भागेना, म्हणून टर्बो बसवला. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुराला जाताजाता कामाला जुंपायचं. तो एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जादा हवा कोंबतं, आणि जादा हवेबरोबर जादा पेट्रोल जळतं. यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात उशिरा कळलं. पाइप कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाकवून घेतले. लेथवरच्या मिस्त्रींनी एवढंच विचारलं, ‘‘रसाच्या गाड्याला पायजे काय?’’

पुढं मग डिकीवर पंखासारखा स्पॉयलर आला, सतरा इंची चाकं आली, बकेट सीटा आल्या. या सीटमध्ये बायको पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, ‘‘विहिरीत उतरल्यागत वाटतंय.’’ त्यानंतर ती बसलेली नाही.

विकायची वेळ आली ती दोन कारणांनी. एक, माझा मणका. दोन, गाडीची पंधरा वर्षं भरत आली. रिपासिंगला गाडी आरटीओसमोर उभी करायची, तर मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आडवं येतं. कंपनीनं दिलेल्या गाडीत परस्पर असे बदल करायचे नाहीत की आरसी बुकात एक आणि दारात भलतंच. माझ्या दारात जे उभं होतं त्यात आरसी बुकाशी जुळणारी गोष्ट म्हणजे रंग.

पहिला आला तो बॉनेटकडे बघितलंच नाही. ‘‘ॲव्हरेज?’’

‘‘सात.’’

‘‘गिअर न्हवं ओ, ॲव्हरेज विचारतोय.’’

दुसरा शिरोळकडचा. बापाला घेऊन आला होता. 2019 आणि 2021 चे महापूर बघितलेला माणूस गाडी बघत नाही, गाडी हुंगतो. म्हाताऱ्यांनी चप्पल काढली, मॅट उचललं आणि गालिच्याला नाक लावलं. मग सीटबेल्ट ओढायला लागले. ओढत ओढत पार मुळापर्यंत पट्टा बाहेर काढला आणि शेवटच्या वितीवर चष्मा वर करून गाळाची रेघ शोधली. मला तेव्हा कळलं, की वर कितीही धुतलं तरी गुंडाळलेल्या पट्ट्यात पूर लपून राहतो. रेघ नव्हती. म्हातारे खूश झाले. मला वाटलं, जमलं.

‘‘गाडी कोरडी हाय,’’ ते पोराला म्हणाले, ‘‘पर पूर आला तर पैली हीच बुडंल. हितनं तिथवर तर हाय.’’ आणि स्वतःची पोटरी दाखवली.

तिसऱ्याला गाडी पसंत, किंमत पसंत. फक्त पैसे ‘‘बिल पडलं की’’. ऊसबिल कायद्यानं चौदा दिवसांत द्यायचं असतं. त्यामुळं मी चौदा दिवस थांबलो. कायदा वाचलेल्या माणसाचं असं होतं.

मधे कॉलेजची पोरं येऊन गेली. व्हिडिओ काढले, ‘‘नाद खुळा, दादा!’’ म्हणाली आणि जाताना वडापावचे कागद बकेट सीटमध्ये ठेवून गेली.

ट्रायल द्यायची म्हणजे वेगळंच मरण. स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घ्यावी लागते, एकेक चाक करत, म्हातारी देवळाची पायरी उतरते तशी. मागचे हॉर्न वाजवतात. पुढं पाय उचलला की टर्बोतली हवा सुटते, ‘फुस्स’. सगळ्या खटाटोपातला मला सर्वांत प्रिय आवाज हाच. एका गिऱ्हाइकानं विचारलं, ‘‘एसटीचा एअर ब्रेक बसवलाय काय?’’

दसरा झाल्यावर कसबा बावड्याचे एक मालक आले. त्यांनी ना चाकं बघितली, ना किंमत विचारली. ‘‘चालू करा.’’ केली. मागं जाऊन सायलेन्सरजवळ उकिडवे बसले आणि डोळे मिटून ऐकत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी गाडी ऐकत होतं.

‘‘पुंगळी काढलीया न्हवं?’’ पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या पोटातली आवाज दाबणारी नळी.

‘‘बसवलीच नाही.’’

‘‘झकास. घराकडं चला. राणीला ऐकवू.’’

राणी म्हणजे म्हैस. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, आणि मालक पुंगळी काढलेल्या मोटरसायकलवर पुढं, म्हैस त्या आवाजामागं. तर राणीला अलीकडे मोटरसायकल मानवत नव्हती.

गोठ्यासमोर मी रेस केली. राणीनं रवंथ थांबवला. कान पुढं केले. पहिल्या गिअरात गाडी हलवली, आणि आरशात बघतो तर काळीभोर राणी स्पॉयलरला नाक लावून दुडक्या चालीनं मागं येतेय. मी नादात पाय उचलला. फुस्स. राणी जागच्या जागी थांबली आणि तिनंही नाकातून तस्संच सोडलं, फुस्स.

मालकांच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘‘गाडी नको आमास्नी,’’ ते म्हणाले, ‘‘पर पाडव्याला तासभर येताय काय? पेट्रोल माझं.’’

घरी बायको विचारणार होती, किती ठरले. मी इंजिन बंद केलं.

‘‘किती वाजता येऊ?’’