तापोळ्याला आधी उतार द्या, मग नवी बार्ज

कोयनेच्या जलाशयातून गाड्या आणि माणसं पलीकडे नेणाऱ्या तापोळा-बामणोलीच्या तराफ्याचा, म्हणजे बार्जचा, विषय निघाला की पहिली मागणी नव्या, मोठ्या बार्जची होते. मला ती चुकीची वाटते. अडचण पाण्यावर कमी आणि काठावर जास्त आहे.

कोयना धरण १०५ टीएमसीचं. भरलं की पातळी २१६३ फुटांच्या आसपास, आणि मे संपेपर्यंत पाणी कित्येक मीटर खाली. तापोळा फुगवट्याच्या शेपटाकडे, त्यामुळे काठ तिथं फार लांब सरकतो. गाड्या तराफ्यापर्यंत नेणारा काँक्रीटचा उतार संपतो आणि पुढे गाळ. वरून तडे गेलेला, कडक दिसतो. खाली नुसतं लोणी. गाडीची पुढची चाकं तराफ्याच्या रॅम्पवर येतात, मागची गाळात फिरतात. ड्रायव्हर अजून रेस करतो, चाकांना अचानक पकड मिळते आणि त्या झटक्यानं तराफा मागे सरकतो. दोर ढिला असेल तर गाडी फटीत. म्हणून दोन्ही बाजूंचे दोर आधी ताणून बांधायचे, इंजिन पुढच्या गिअरमध्ये ठेवून तराफा काठाला दाबून धरायचा, मगच गाडी चढवायची. उतारही आठास एकपेक्षा (आठ फूट लांबीला एक फूट चढ) चढा नको, नाहीतर कारचं पोट किंवा बंपर रॅम्पच्या सांध्यावर घासतो.

जड गाडी मधोमध, हलक्या दोन्ही अंगांना. हँडब्रेक, पहिला गिअर, चाकाखाली लाकडी ठोकळा. माणसं गाडीतून खाली, हे तर सक्तीचंच हवं. गाडी बुडू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दार उघडत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं एसीत बसवून नेणाऱ्यांना हे कळकळीनं सांगतोय.

तराफ्याला तरंगत ठेवणारे पोटातले पोकळ कप्पे रोज सकाळी उघडून बघायला हवेत. झाकणाचं रबर गेलं की पाणी झिरपतं, आणि साचलेलं पाणी कलत्या बाजूला धावून कल वाढवतं. १९८७ साली बेल्जियमच्या झेब्रुग्ग बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही भलीमोठी फेरी अशीच उलटली. पुढचे दरवाजे उघडे राहिले, गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं, १९३ माणसं गेली. आपल्याकडे पाणी शांत दिसतं, पण दुपारनंतर खोऱ्यातून वारा सुटला की सपाट बुडाचा तराफा आडवा ढकलला जातो.

पूल झाले तरी कांदाटी खोऱ्यातल्या सगळ्या गावांना ते पुरणार नाहीत, तराफा लागणारच. उतार खालपर्यंत न्यायचं काम एप्रिल-मेमध्येच होऊ शकतं, कारण खालची जमीन तेवढेच दिवस उघडी असते. खडी, सिमेंट आणि मंजुरी त्याआधी, मार्चमध्येच काठावर पोचली पाहिजे.