निरोप

काल रात्री घरातले सगळे झोपल्यावर परत एकदा मनिलाची ती बॉक्सिंगची लढत बघितली. १ ऑक्टोबर १९७५, मुहम्मद अली विरुद्ध जो फ्रेझर, दोघांची तिसरी गाठ. कितव्यांदा बघितली ते विचारू नका. दहाव्या फेरीनंतर मी दर वेळी ठरवतो, बास, आता बंद. आणि दर वेळी चौदावीपर्यंत जातो.

अमेरिकेत टीव्हीवर सोयीच्या वेळी दिसावी म्हणून ही लढत तिकडे सकाळीच ठेवलेली. बाहेर फिलिपीन्सचं ऊन, आत खचाखच गर्दी, वर दिव्यांचा उकाडा. सुरुवातीला अली, मधल्या फेऱ्यांत फ्रेझर, शेवटी पुन्हा अली. तेरावी-चौदावी बघवत नाही खरंतर. फ्रेझरचा उजवा डोळा सुजून बंद होत गेला, आणि डाव्याने त्याला आधीपासूनच जेमतेम दिसायचं. हे त्याने वर्षानुवर्षं लपवलं होतं. म्हणजे समोरून येणारा ठोसा त्याला दिसतच नव्हता. पंधराव्या फेरीआधी त्याचा प्रशिक्षक एडी फच म्हणाला, बस, संपलं. फ्रेझर नको नको म्हणत होता. फचने रिंगमध्ये माणसं मरताना पाहिली होती, त्याने ऐकलं नाही. या सगळ्या प्रकरणात मला मोठा वाटणारा माणूस विचाराल तर हा म्हातारा.

पलीकडे जिंकलेला अली स्टुलावरून उठला आणि जरा वेळाने खाली कोसळला. मरणाच्या इतकं जवळ कधी गेलो नव्हतो, असं तो स्वतःच म्हणाला.

मी अलीचा भक्त आहे, आधीच सांगतो. व्हिएतनामच्या युद्धावर जाणार नाही म्हणून बंदी ओढवून उमेदीची साडेतीन वर्षं घालवणारा माणूस मला आजही थोर वाटतो. पण फ्रेझरशी तो जे वागला, ते मला पचत नाही.

त्या साडेतीन वर्षांत अलीच्या हाताला काम नव्हतं. तेव्हा फ्रेझरने त्याला पैसे दिले, बॉक्सिंगचा परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. मग १९७१ ची पहिली लढत ठरली, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर. आणि अलीने याच माणसाला 'अंकल टॉम' म्हणजे गोऱ्यांचा हुजऱ्या म्हणायला सुरुवात केली. कोणाला? साउथ कॅरोलिनात दुसऱ्याच्या शेतावर राबत मोठा झालेल्या, फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात काम केलेल्या माणसाला. त्यामानाने अलीचं लुईव्हिलमधलं बालपण खाऊनपिऊन सुखी. फ्रेझरच्या पोरांना शाळेत चिडवलं गेलं. त्या ७१ च्या लढतीत पंधराव्या फेरीत फ्रेझरने डाव्या हाताचा तो हुक, म्हणजे बाजूने वळवून आणलेला ठोसा, मारून अलीला आडवा केला, लढत जिंकली, आणि नंतर त्यालाच बरेच दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. १९७४ ची दुसरी लढत अलीने गुणांवर घेतली. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मनिलाच्या आधी मात्र अली रबरी गोरिला खिशात घेऊन फिरायचा आणि पत्रकारांसमोर त्याला ठोसे मारायचा. लोक हसायचे. जुनी चित्रफीत बघताना एकदा मीही हसलोय, खोटं कशाला बोलू.

'तिकिटं खपवण्यासाठी चालतं हो असं' हे समर्थन मला नेहमी ऐकायला मिळतं. असेल. आपल्याकडे आखाड्यात पैलवान हात मिळवतात आणि भिडतात, तरी मैदान भरतंच की.

मनिलानंतर अलीने फ्रेझरच्या मुलाला, मार्व्हिसला, आपल्या खोलीत बोलावून घेतलं. पोरगं पंधरा वर्षांचं. तुझ्या वडिलांना सांग, मी जे बोललो ते मनापासून नव्हतं. मार्व्हिसने निरोप पोचवला. फ्रेझर म्हणाला, मग मला येऊन का नाही सांगत तो?

पुढचं शरीराचं माहीत आहेच. फ्रेझर १९७६ मध्ये जॉर्ज फोरमन या बॉक्सरकडून हरला आणि जवळपास संपला. अली अजून दहा लढती खेळला. १९७७ नंतर त्याचे डॉक्टर पाचेको, हा ऐकत नाही म्हणून सोडून गेले. १९८० मध्ये ३८ वर्षांच्या अलीला लॅरी होम्सने दहा फेऱ्या झोडपलं. होम्स एकेकाळी सरावात अलीसमोर उभा राहणारा पोरगा, जिंकूनही रडला. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांचे वाद आहेत. मला त्या चौदा फेऱ्या विसरता येत नाहीत, एवढंच.

१९९६ ला अटलांटात थरथरत्या हातांनी अलीने ऑलिंपिकची ज्योत पेटवली तेव्हा जग रडलं. फ्रेझर म्हणाला, मी तिथे असतो तर त्याला आगीत ढकललं असतं. केवढा आकस, असं लोक म्हणाले. वीस वर्षं उलटली होती ना, आता तरी सोडायला हवं होतं! मला ते वाक्य आवडत नाही, पण त्याच्यावर रागही येत नाही. ज्याला सोसावं लागलं त्याने कधी सोडायचं ते आपण कोण ठरवणार?

२००१ मध्ये अलीने माफी मागितली, वर्तमानपत्रातून. फ्रेझरचं म्हणणं तेच, पेपरला काय सांगतो, मला सांग. सव्वीस वर्षांनी पुन्हा निरोपच.

नोव्हेंबर २०११ मध्ये यकृताच्या कर्करोगाने फ्रेझर गेला. फिलाडेल्फियातल्या अंत्यविधीला अली आला होता. बोलणं तोवर जवळजवळ थांबलेलं. कृष्णवर्णीयांचे नेते आणि पाद्री जेसी जॅक्सन यांनी जमलेल्यांना उभं राहून फ्रेझरवरचं प्रेम दाखवायला सांगितलं, तेव्हा काळा चष्मा लावलेला अली उठून उभा राहिला आणि जोरजोरात टाळ्या वाजवत राहिला.