पोस्टरने सरकार पडलं नाही हो काका

काल रात्री अकराला काकांचा फॉरवर्ड, वर "वाच आणि शीक". मजकूर असा की १९७९ साली ब्रिटनमध्ये खऱ्या बेकारांच्या रांगेचा फोटो काढून पोस्टर केलं, सरकारने घाबरून ते दाबायला बघितलं आणि त्या एका पोस्टरने सरकार पाडलं. आता काकांना त्यांच्या मित्राच्या निवडणुकीसाठी तस्साच फ्लेक्स हवाय, आणि करणार कोण तर मी.

साल चुकलंय, पोस्टर १९७८ च्या उन्हाळ्यातलं. 'लेबर इजन्ट वर्किंग', साची अँड साची या जाहिरात कंपनीने विरोधातल्या कंझर्व्हेटिव्ह पक्षासाठी, लेबर पक्षाच्या सरकारविरुद्ध केलेलं. असो.

पण "खरे बेकार"? अहो, ते लंडनमधल्या हेंडनचे यंग कंझर्व्हेटिव्हवाले, म्हणजे त्याच पक्षाचे तरुण कार्यकर्ते होते! शंभरेक जण हवे होते, आले जेमतेम वीस. मग त्याच वीस जणांचे पुन्हा पुन्हा फोटो काढले, जोडले आणि झाली बेकारीच्या ऑफिसबाहेरची लांबलचक नागमोडी रांग. फोटोशॉप जन्मायच्या आधी बरं का. आणि ग्रुपवर लोक त्यांचे चेहरे बघून रडके इमोजी टाकतायत.

दाबलं वगैरे काही नाही, उलट अर्थमंत्री डेनिस हिली त्यावर इतके भडकले की पोस्टरला फुकटात पब्लिसिटी मिळाली.

आणि सरकार? ते एका मताने पडलं. २८ मार्च १९७९, अविश्वास ठराव, ३११ विरुद्ध ३१०, ब्रिटिश संसदेच्या हॅन्सर्डमध्ये नोंद आहे, नेटवर कुणीही वाचावी. त्याआधीचा अख्खा हिवाळा संपात गेलेला, रस्त्यावर कचऱ्याचे ढीग, लिव्हरपूलला तर प्रेतं पुरायला माणसं मिळेनात, त्यात स्कॉटलंडला वेगळी विधानसभा देण्याच्या सार्वमताचा घोळ होऊन तिथल्या राष्ट्रवादी पक्षाचे खासदारही उलटले. एवढं सगळं झाल्यावर श्रेय कुणाला, तर भिंतीवरच्या कागदाला!

बरं, पोस्टर भारी होतं, मान्य. लेबर पक्ष कामाचा नाही आणि लोकांना काम नाही, दोन्ही तीन शब्दांत. १९९९ मध्ये 'कॅम्पेन' मासिकाने त्याला शतकातलं बेस्ट पोस्टर ठरवलं, तेही खरंय. फक्त फॉरवर्डमध्ये एक गाळलंय, पोस्टर लागलं तेव्हा बेकार होते साधारण १५ लाख आणि कंझर्व्हेटिव्हांच्या थॅचरबाई पंतप्रधान झाल्यावर १९८२ मध्ये आकडा ३० लाखांच्या वर गेला. तेव्हा मात्र रांगेसाठी खरी माणसं हवी तेवढी मिळाली असती.

फ्लेक्स करून देते काका, पण फोटोला माणसं तुम्ही आणायची. निदान वीस.