मढी उकरून काय मिळतं? (वळिवडे कॅम्पच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची कमेंट दोनदा वाचली, लगेच उत्तर दिलं असतं तर रागात दिलं असतं म्हणून एक दिवस थांबलो. तुमचं म्हणणं असं की आजीच्या गप्पा म्हणजे इतिहास नव्हे, सरकारी कागद दाखवा, आणि एवढ्या वर्षांनी मढी उकरून कुणाला काय मिळणार, सोव्हिएत सरकारनं रशियातल्या कातीनच्या जंगलातल्या हत्याकांडाची चूक कबूल केली म्हणून गेलेली माणसं परत येतात का.

आधी तुमचं बरोबर आहे ते. माझी आजी लहानपणी वळिवड्याच्या पोलिश कॅम्पात दूध घालायला जायची, आणि तिथली एक बाई नवऱ्याचा मिलिटरी ड्रेसमधला फोटो जवळ ठेवून रोज टपालाची वाट बघायची असं ती सांगायची. त्या बाईचं नाव आजीला माहीत नव्हतं. तिचा नवरा कातीनलाच मारला गेला असं मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि लेखात ते वाक्य मी जरा जास्तच ठासून लिहिलं होतं. ते बदलतो.

पण कागदाचं म्हणाल तर ऐका. ५ मार्च १९४० ला सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याच्या प्रस्तावावर स्टालिनची आणि बाकीच्या बड्या पुढाऱ्यांची सही झाली आणि त्या वसंतात जवळपास २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या, त्यात नुसते फौजी नव्हते, लढाईपुरते वर्दीत आलेले डॉक्टर, वकील, मास्तरही होते. त्यांच्या बायकापोरांना एप्रिलमध्ये घरातून उचलून कझाकस्तानात नेऊन टाकलं. तिथून आणि सायबेरियातून सुटलेली माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ पासून पाचेक हजार लोक आपल्या कोल्हापूरजवळ राहिले, बहुतेक बायका आणि मुलंच.

आता बघा, १९४३ मध्ये जर्मनांनी कातीनच्या जंगलातल्या कबरी जगाला दाखवल्या, तर सोव्हिएत सरकारनं उलट त्यांच्यावरच ढकललं आणि १९४४ मध्ये मोठमोठ्या विद्वानांचं कमिशन नेमून लिहूनच घेतलं की हे १९४१ मध्ये जर्मनांनी केलं. झाला सरकारी कागद! आणि घराघरातल्या बायकांना काय माहीत होतं, तर पत्रं १९४० च्या वसंतातच बंद झाली, आणि जर्मन कातीनजवळच्या स्मोलेन्स्कला पोचले ते १९४१ च्या जुलैत. म्हणजे ट्रंकेतला पत्रांचा गठ्ठा खरा होता आणि शिक्क्याचा अहवाल खोटा. हे मॉस्कोनं कबूल केलं १३ एप्रिल १९९० ला, आणि सहीचा मूळ कागद पोलंडला बघायला मिळाला १९९२ मध्ये. मला सांगा, मधली पन्नास वर्षं इतिहास कुणी सांभाळला?

काय मिळालं म्हणून विचारताय. १९८१ मध्ये वॉर्सॉच्या दफनभूमीत लोकांनी एक स्मारक उभं केलं, त्यावर 'कातीन, १९४०' असं लिहिलं होतं. पोलिसांनी ते उचलून नेलं. पुढे पोलंडच्या सरकारनं स्वतःचं उभं केलं, त्यावर दोष हिटलरच्या माथी. बापाच्या मरणाचं खरं साल दगडावर लिहायची सोय नव्हती हो! आपल्याकडे माणूस गेला तर तिथी लागते, तिथीशिवाय श्राद्ध कधी घालणार? कबुलीनं त्या पोरांना निदान साल मिळालं, आणि ओस्ताश्कोव, स्तारोबेल्स्कच्या कैदी-छावण्यांतून नेलेल्यांना कुठे पुरलं तेही कळलं. तोवर ती पोरं स्वतः म्हातारी झालेली, आणि बऱ्याचशा आया वाट बघूनच गेलेल्या. उशिराचा राग मलाही आहे, पण उशीर झाला म्हणून ते फुकट गेलं हे मला पटत नाही.

आणि कबूल केलं म्हणजे विषय संपला असंही नाही. रशियातल्या त्वेर शहरात ज्या इमारतीत सहा हजारांवर कैद्यांना मारलं, तिथल्या भिंतीवरच्या आठवणीच्या पाट्या २०२० मध्ये काढून टाकल्या. हे वाचलं तेव्हाच मी आजीचं ऐकलेलं लिहून काढायला बसलो होतो.

तेव्हा लेखात तारीख, आकडा काही चुकलं असेल तर जरूर दाखवा, दुरुस्त करीन. टपालाची वाट बघणाऱ्या बाईचा परिच्छेद मात्र काढणार नाही.