तलावातले मासे फक्त उन्हानं मरतात का?

बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मासे मरतात ते ऊन आणि गटाराच्या पाण्यामुळे, शेतातलं औषध पावसात पातळ होऊन निरुपद्रवी होतं, आणि हल्लीची औषधं तर फुलांपासूनच बनतात, असं त्यात म्हटलंय.

ऊन-गटाराचं कारण शहरातल्या विश्वामित्री नदीपुरतं बरंचसं खरं आहे. सांडपाण्यानं तिथला प्राणवायू घटतो. पण पादरा-डभोईकडच्या गावतलावात मासे मेले, तर आधी नीट बघा. प्राणवायू कमी पडला की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, बहुधा मोठे आधी जातात, हवेतून श्वास घेणारे मरळ-मागूर तगतात. कीटकनाशकाच्या विषबाधेत मासे गरगर फिरतात, आडवे पडून पोहतात, पिल्लं आधी मरतात आणि पाणकिडे, झिंगेही संपतात. फवारणीनंतरच्या पहिल्या जोरदार पावसात हे दिसलं, तर उन्हावर खापर फोडता येणार नाही.

आता पातळ होण्याचा हिशेब. सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक पाण्यात लिटरला एक ते काही मायक्रोग्रॅम (ग्रॅमचा दहा लाखावा भाग) एवढं असलं, तरी चाचण्यांमध्ये गोड्या पाण्यातल्या अनेक जातींचे निम्मे मासे चार दिवसांत मेले आहेत. दहा टक्के द्रावणाच्या दहा मिलिलिटरमध्ये साधारण एक ग्रॅम विष असतं, म्हणजे दहा लाख लिटर पाण्यात लिटरला एक मायक्रोग्रॅम. एवढं पाणी हजार चौरस मीटरच्या, मीटरभर खोल तळ्यात मावतं! यातलं बरंच विष गाळाला चिकटतं, हे मान्य. पण माशांच्या खाण्यातल्या अळ्याही त्याच गाळात राहतात.

फुलांचं म्हणाल, तर शेवंतीच्या कुळातल्या फुलांमध्ये पायरेथ्रिन असतं, ते उन्हात लवकर विरतं. कपाशी-भाजीवर मारतात ते सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन कारखान्यात बनवलेलं असतं, उन्हात टिकावं म्हणूनच. आपलं शरीर ते झपाट्यानं मोडतं, माशाचं फार सावकाश. त्यात माशाच्या कल्ल्यांवरून सतत पाणी वाहतं आणि विष थेट रक्तात उतरतं. क्लोरपायरिफॉससारखी औषधं आणखी वेगळी. नसांचा निरोप पोहोचला की तो थांबवणारं विकर (एन्झाइम) ती बंद पाडतात. मात्रा कमी असली, तर मासा लगेच मरत नाही, पण सुस्तावतो, खात नाही, शत्रूपासून पळू शकत नाही. ही हानी मेलेल्या माशांच्या मोजणीत कधीच येत नाही.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फानवर बंदी घातली, त्यामुळे एक विष कमी झालं. बाकीची अजून दुकानात आहेत.

म्हणून शेतकरी भावांनो, पंप तलावाच्या पायरीवर धुऊ नका. शेतातच तीनदा खळखळून घ्या आणि ते पाणी पिकावरच फवारा. पावसाचे ढग असतील त्या दिवशी फवारणी टाळा, आणि काठालगतचा पट्टा फवारणीविना सोडा.