आमच्या भाऊजींची केवायसी कोण करणार?

काल सकाळी पावणेआठला मी डबे भरत होते, एक कान कुकरच्या शिट्टीकडे, आणि पुढच्या खोलीत आमच्या धाकट्या दिरांचं प्रवचन चाललेलं. विषय: फुकट खाऊन लोक कसे माजलेत. "लाडक्या बहिणीमुळं बायका कामाला यायच्या बंद झाल्या वहिनी! घरबसल्या दीड हजार मिळतात म्हटल्यावर कोण मरायला रानात जातंय!"

हे बोलणारा माणूस 36 वर्षांचा आहे. हातात माझ्या हातचा दुसरा चहा होता. पहिल्याचा कप अजून खुर्चीखालीच.

अहो, दीड हजार भागिले तीस. दिवसाला 50 रुपये. त्यात अर्धा किलो शेंगदाणे येत नाहीत. एवढ्यावर कुणी काम सोडत असेल तर त्या कामाची मजुरी काय लायकीची होती ते बघा की! आमच्या भांड्यांच्या मावशींनी एक घर सोडलं, हे खरं. कुठलं? जिथं सात माणसांची भांडी आणि फरशी मिळून महिन्याला 700 रुपये टेकवायचे आणि दोन खाडे झाले की तेही कापायचे, ते. बाकीची चार घरं आजही धरून आहेत. पण गल्लीभर बोभाटा काय, तर मावशी आळशी झाल्या.

आणि ते दीड हजार तरी सुखासुखी मिळतात का? वय 21 ते 65, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आधार बँकेला जोडलेलं. मग ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आलं; तिला नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर हवा होता. मावशींचे दोघंही वारलेले. कामं सोडून हेलपाटे घातले बिचारीनं. आमच्या भाऊजींना मात्र दोन्ही वेळची गरम भाकरी विनाकागद मंजूर आहे. गेली नऊ वर्षं. ना उत्पन्नाची अट, ना वयाची.

नोकऱ्या नाहीत हे मला कुणी शिकवू नका. 2024 च्या पोलीस भरतीत 17 हजार जागांना 17 लाखांवर अर्ज आले होते. चिखलात धावणारी ती पोरं मी पाहिलीत. त्यांना घरानं, सरकारनं, कुणीही सांभाळलं तर माझी ना नाही. भाऊजींनी चार वर्षं एमपीएससी केली तेव्हा पुण्यातली खोली, मेस, अभ्यासिका, सगळं ह्यांच्या पगारातून गेलं. मी चकार शब्द काढला नाही. पण पुढं? मेडिकलच्या दुकानात काम आलं, तर "दुसऱ्याच्या हाताखाली जमायचं नाही." शेत वाट्यानं दिलंय, तिकडं फिरकायचं नाही. बरं, नाही करायचं काम, नका करू बापडे! एकवेळ तेही चालवून घेईन. निदान आपलं खरकटं ताट उचला, आईला दवाखान्यात न्या, पोरांना शाळेतून आणा. एवढं केलं तरी मी म्हणेन माणूस कामाला लागला. पण नाही. स्वतः बसून खायचं आणि कट्ट्यावर जाऊन दुसऱ्याचे घास मोजायचे!

वर म्हणे "आमच्या टॅक्सवर जगतात हे लोक". कुठला हो तुमचा टॅक्स? व्यवसाय कर माझ्या पगारातून कापला जातो, महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. आणि हा कर 1975 साली महाराष्ट्रात लागला तोच मुळी रोजगार हमीच्या पैशासाठी. बहात्तरच्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला उभी राहिली होती, फुकट द्या म्हणून नाही, काम द्या म्हणून. त्यात आमच्या सासूबाई होत्या, सोळा वर्षांच्या. पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहायच्या आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी खायच्या. आज त्याच बाईच्या फॅमिली पेन्शनमधून भाऊजींच्या गाडीत पेट्रोल पडतं. पासष्टी उलटली म्हणून सासूबाईंना लाडकी बहीण नाही. लाडका लेक मात्र आहे.

सासूबाईंना बोलून उपयोग नाही. "असू दे गं, दोन भाकरींनी काय होतंय," म्हणतात. दोन नाहीत, चार. मी थापते, मला माहीत आहे.

आज संध्याकाळी ऑफिसातून येऊन पर्सही खाली ठेवली नव्हती, तोच आतून आवाज, "वहिनी, कालवण काय आज?" म्हटलं, पीठ डब्यात आहे, तवा ओट्यावर आहे, आज तुम्हीच थापा. भाऊजी मोठ्यानं हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी तशीच बसून राहिले. पाच मिनिटांनी सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि परात घेतली.