घरीच तर बनवतेस, तुला काय खर्च?

"काहून एवढं महाग बाप्पा? बर्डीच्या बाजारात तर १५० ला भेटते!" मग जा ना बर्डीवर, मी काय पाय धरून ठेवले काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी मिरवतात ना, त्या तान्ह्या पोळ्यासाठी नंदीच्या झुली शिवते मी, हातानं, एकेका झुलीला आरसे, मोती, गोंडे लावता लावता दोन दिवस जातात, मे महिन्यात ४५ डिग्रीत टिकल्या उडू नये म्हणून कूलर बंद करून बसते, अन् ह्या मॅडम म्हणतात घरीच तर बनवतेस! जरतार काय कुंडीत उगवते माझ्या? नागपूरच्या इतवारी बाजारातून पैसे मोजूनच आणते ना!

नातेवाईकांचं तर विचारूच नका. "आपल्याला फ्रीच ना?" मामी, सोनाराला म्हणता का असं?

"प्राईस प्लीज", "प्राईस प्लीज"... अरे फोटोवरच लिहिली आहे, एवढ्या मोठ्या अक्षरात! एकीनं आठ फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग "निळ्यात दाखव", मग दोन हप्ते गायब, अन् थेट पोळ्याच्या रात्री साडेदहाला मेसेज, "ताई, उद्या पोरांना पाहिजे, तीन नग, होईल ना?" हो होईल ना, मशीनच आहे मी!

अन् काल तर हद्दच. माझ्याच झुलीचा स्क्रीनशॉट, खाली लिहिलेलं, "सेम असंच, पण कमीत बनवून देता का?" दुसऱ्या कोणाला पाठवायचा होता, चुकून मलाच पाठवला.